दोन्हीकडून चावी

कुलपासमोर गुडघे टेकले तेव्हा त्याला ती पितळी कडी दिसली, आणि हत्यारांची अर्धवट उलगडलेली कातडी गुंडाळी त्याने पुन्हा मिटली.

कडी त्याच्याच हातची होती. या दाराला आधीच्या कुलपाचं भोक जरा मोठं होतं. नवं कुलूप त्यात सैल बसत होतं, म्हणून पितळेच्या पत्र्याची बारीक कडी कापून, कानशीने घासून त्याने ती भोवती बसवली होती. दुसऱ्या कोणी एवढा उपद्व्याप केला नसता. थोडी लांबी भरून मोकळा झाला असता. मागच्या आठवड्यातलं काम. जिना चढताना ओळखीचं वाटलं होतं खरं, पण त्या रांगेतल्या सगळ्या इमारतींचे जिने सारखेच होते, तोच लोखंडी कठडा, भिंतींना तोच तेलकट पिवळा रंग. शिवाय आपल्याला वाटतं ते बरोबरच असेल, असं मानायचा त्याचा स्वभाव नव्हता.

"काय झालं काका?" मागे उभ्या असलेल्या बाईने विचारलं.

"ताई, हे कुलूप मीच बसवलंय."

थोड्या वेळापूर्वी ती त्याच्या टपरीवर धापा टाकत आली होती. घर माझंच आहे, चावी लागत नाही, आत्ताच्या आत्ता चला, एवढंच म्हणाली होती. त्याने रिवाजाप्रमाणे ओळखपत्र मागितलं. त्यावर पत्ता याच घराचा होता. तेवढं पाहून तो गुंडाळी घेऊन तिच्या मागोमाग निघाला होता.

"कोणी सांगितलं बसवायला?"

"एक साहेब होते. चष्मेवाले. घराच्या चाव्या बसमध्ये हरवल्या म्हणाले. कोणाच्या हाती लागल्या असतील, सांगता येत नाही म्हणाले."

बाईने हातातली जुनी चावी त्याच्यापुढे धरली. "ही काय, हरवलेली."

मग तिने सांगितलं, तेही तुटक तुटक, जिन्याच्या कठड्याला टेकून. नवऱ्याशी भांडण झालं. पहिलं नव्हतं, पण या वेळी त्याने तिला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. ती भावाकडे जाऊन राहिली. दोन-चार दिवसांत राग ओसरेल, आपण परत जाऊ, असं तिने धरलं होतं. सासऱ्यांशी रोज फोनवर बोलत होती, त्यांना कुठली गोळी कधी घ्यायची ते सांगत होती. काल सकाळपासून त्यांनी फोन उचलला नाही. नवऱ्याच्या ऑफिसात विचारलं, तर तो कामासाठी परगावी गेला होता.

"म्हणजे सासरे आत आहेत," चावीकाका म्हणाला. त्या भागातली सगळी माणसं त्याला चावीकाका म्हणत. स्वतःचं नाव सांगायची वेळ त्याच्यावर फारशी येतच नसे.

"आत आहेत. त्यांना साखर आहे. खायचं-प्यायचं, गोळ्या, सगळं हातात द्यावं लागतं." मग ती थांबली. "पण तुम्ही कुलूप बसवलंत ना? मग तुम्ही त्यांना पाहिलंच असेल."

"मी आत बघत नाही."

"म्हणजे?"

"दार उघडलं की मी आत बघत नाही, ताई."

हे सांगताना त्याला नेहमी थोडा अभिमान वाटे. या वेळी वाटला नाही.

ही शिकवण त्याच्या वस्तादाची. दार उघडलं की पाठ फिरवायची. लोकांच्या घरात पसारा असतो, वाळत घातलेले कपडे असतात, भांडून रुसलेली माणसं असतात. आपल्याला दार उघडता येतं म्हणून ते सगळं बघायचा हक्क आपल्याला मिळत नाही. वस्ताद गेले, तरी त्याने ही पाठ फिरवायची सवय मोडली नव्हती. कुलूप बसवायचं असलं तरी तो दाराच्या कडेपुरतं पाहायचा, नजर लाकडावर ठेवायचा. बाकी आपल्यात सांगण्यासारखं काही नाही, पण एवढं आहे, असं त्याला मनातून वाटे.

त्या दिवशीही त्याने पाहिलं नव्हतं. ऐकलं मात्र होतं. आतल्या खोलीतून कोणीतरी खोकत होतं, आणि साहेबांनी उठून ते मधलं दार लावून घेतलं होतं. मग त्यांनी विचारलं होतं, आतल्या बाजूला ते फिरवायचं बटण असतं, त्याच्याऐवजी आतूनही चावी लावावी लागेल असं कुलूप मिळतं का. दाराशेजारी काचेची खिडकी होती. चोर काच फोडून हात घालतो, बटण फिरवतो आणि आत येतो, असं साहेब म्हणाले. चावीकाकाला ते पटलं होतं. पटलं होतं एवढंच नव्हे, तर असा विचार करणारी गिऱ्हाइकं कमी, असं तो बोललाही होता. मग त्याने आपण होऊन सगळ्यात चिवट कुलूप सुचवलं. हे उघडायचं तर मलासुद्धा घाम फुटेल, असंही म्हणाला होता.

आता तो उठून उभा राहिला. बाईला वाटलं तो कामाला लागतोय. पण त्याने गुंडाळीचा बंद बांधला.

"मला नाही उघडता येणार."

"येत नाही?"

"येतं. पण उघडता येणार नाही."

त्याने तिला समजावून सांगितलं, आणि सांगताना आपलंच बोलणं त्याला कारकुनासारखं वाटत होतं. त्याच्याकडे परवाना होता. कुलपं उघडायच्या काड्या बाळगायच्या त्या कामावर जाता-येतानाच. आणि काम म्हणजे घर ज्याच्या ताब्यात आहे त्याने बोलावलेलं काम. ओळखपत्रावर पत्ता पाहिला की एरवी भागत असे. पण इथे ताबा कोणाचा आहे ते त्याला स्वतःलाच माहीत होतं. त्याच्याच हाताने तो बदलला होता. हे ठाऊक असताना काडी कुलपात घालायची म्हणजे घरफोडीच.

शिवाय त्याला एकदा ताकीद मिळालेली होती. महिन्यापूर्वी बाजारात झडती चालली होती, आणि त्याच्या पँटच्या खिशात गुंडाळी सापडली. तो भाजी घ्यायला गेला होता. हवालदाराने विचारलं, काम कुठलं? तो म्हणाला, काम नाही, सवय आहे. हवालदार हसला आणि म्हणाला, "सवयीला कलम नाही काका, पण काड्यांना आहे." ठाण्यावर नेऊन त्यांनी त्याला बसवून ठेवलं, आणि पुन्हा कामाशिवाय गुंडाळी सापडली तर परवाना गेला, असं बजावून सोडलं. घरी आल्यावर बायको म्हणाली होती, "जगातली माणसं काड्या करून नामानिराळी राहतात. तुम्ही नुसत्या खिशात घेऊन हिंडता आणि पकडले जाता." त्यानंतर तो गुंडाळी टपरीतच ठेवू लागला. पण खिशावर हात जायचा थांबला नव्हता.

बाईने सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही. ती दाराशी गेली, खाली बसली आणि फटीला तोंड लावून तिने हाक मारली, "आप्पा." मग पुन्हा, जरा मोठ्याने.

आतून काही नाही.

"आप्पा, मी आलेय."

बराच वेळ गेला असं वाटलं. मग आतून, अगदी खालून, उंबऱ्याच्या उंचीवरून आवाज आला. टक्. लाकडावर धातू आपटल्याचा. थोड्या वेळाने पुन्हा टक्. तिसरा आवाज आलाच नाही.

समोरच्या घराचं दार बोटभर उघडं होतं. बाईने तिकडे वळून शेजारणीला फक्त येऊन उभं राहायची विनंती केली. शेजारीण म्हणाली, आमच्या घरचे मला रागावतील, आम्हाला यात ओढू नका, आणि दार लागलं. आत कडी सरकल्याचं दोघांनाही ऐकू आलं.

"पोलिसांना कळवू," चावीकाका म्हणाला.

"मघाशीच कळवलं. तुमच्याकडे यायच्या आधी. घर कोणाच्या नावावर आहे विचारलं. मी म्हटलं, मिस्टरांच्या. ते म्हणाले, घरगुती मामला आहे, त्यांनाच फोन करा."

"दार फोडलं तर?"

"तुम्ही सांगा. फुटेल?"

त्याने दाराकडे पाहिलं. आतून लोखंडी पत्रा मारलेलं दार, बिजागऱ्या आतल्या बाजूला. शेजारच्या खिडकीला गज होते आणि काच दुधी; ती फोडून हात घातला तरी आत फिरवायला बटण नव्हतं. ड्रिल टपरीवर होतं; जाऊन आणायचं, वीज कोणाच्या तरी घरातून मागायची. त्याला आठवलं, कुलूप बसवून झाल्यावर साहेबांनी दार खांद्याने ढकलून पाहिलं होतं आणि समाधानाने मान डोलावली होती.

त्याने बंद सोडला. गुडघे टेकले. उजवा गुडघा बोलला, त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

"काका, तुमचा परवाना..."

"तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा. झोपू देऊ नका."

डाव्या हातातली वाकडी पट्टी कुलपाला ताण देऊन धरायची, उजव्या हातातल्या काडीने आतल्या पिना एकेक करून उचलायच्या. पिन आपल्या जागी अडकली की बोटाला अगदी बारीक कळतं. सगळ्या अडकल्या की कुलूप फिरतं. मध्ये ताण सुटला तर सगळ्या पुन्हा खाली. काम एवढंच. पण या कुलपातल्या काही पिनांना खाचा होत्या. पिन बसली असं बोटांना वाटावं आणि ती बसलेली नसावी, यासाठीच त्या घातलेल्या. कंपनीच्या माणसाने हे सांगितलं तेव्हा चावीकाकाने त्याचं कौतुक केलं होतं.

पहिल्यांदा तो फसला. कुलूप जरासं हललं आणि तिथेच अडलं. त्याने ताण सोडला, तळहात पँटला पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. बसली असं वाटणाऱ्या प्रत्येक पिनेवर त्याने संशय घेतला, पुन्हा चाचपून पाहिलं. आयुष्यभर स्वतःवर भरवसा न ठेवल्याचा त्याला कधी उपयोग झाला असेल, तर तो या कुलपात.

बाई फटीपाशी बोलत होती. आप्पांनी लावलेल्या कुंडीतल्या झाडाचं सांगत होती, भावाच्या मुलीने शाळेत काय केलं ते सांगत होती, आणि मधेच, अगदी सहज, "ऐकताय ना?" असं विचारत होती. आतून काही येत नव्हतं. तरी ती थांबत नव्हती.

तीन पिना बसल्या असतील, जिन्यावर बूट वाजले.

त्याने मान वळवली नाही. वळवता येत नव्हती. पण आवाज ओळखला.

"अहो चावीकाका, तुम्हीच?" बाजारातला हवालदार म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "हात बाजूला घ्या. उठा."

"साहेब, हात काढला तर सगळं परत खाली पडेल."

"पडू द्या. उठा आधी."

बाई उठून हवालदाराच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली. तिने सगळं पुन्हा सांगितलं. ती सांगत असताना चावीकाका तसाच होता, डावं मनगट एका जागी धरून, ताण कमी नाही, जास्त नाही. कोणीतरी कुलूप उघडतंय एवढंच हवालदाराला कळवण्यात आलं होतं. त्याने समोरच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं. मग बाईकडून नवऱ्याचा नंबर घेतला, फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

नवऱ्याचा आवाज शांत होता. हवालदारसाहेबांना त्रास झाला याबद्दल त्याने माफी मागितली. वडील आत आहेत, त्यांना झोपायची सवय आहे, खाणं झाकून ठेवलंय, फोन त्यांनी कुठेतरी टाकला असेल. आपण उद्या परततोय. बायकोचं डोकं ठिकाणावर नाही, तिला घरात घेऊ नये. मग त्याने विचारलं, उघडतंय कोण?

"चावीवाले आहेत," हवालदार म्हणाला.

"तोच? ज्याने बसवलं तोच?" आवाजातला शांतपणा गेला. "त्याला माहीत आहे घर कोणाचं ते. मी त्याच्यावर केस करीन. तुमच्यासमोर सांगतोय."

फोन बंद झाला. चावीकाकाच्या डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या होत्या. करंगळी आपली आहे की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

"ऐकलंत?" हवालदार म्हणाला. तो ओरडला नाही. "मला पर्याय नाही, काका. हात काढा. मी वर कळवतो, परवानगी आली की आपण दार फोडू."

"किती वेळ लागेल?"

हवालदाराने हातातल्या फोनकडे पाहिलं.

"साहेब, मी बसवलंय हे. याला आतूनही चावी लागते. आतल्या माणसाला बाहेर येताच येत नाही. आत माणूस आहे हे मी त्या दिवशी ऐकलं होतं." बोलताना त्याचा हात हलला नाही. "हे एवढं होऊ द्या. मग न्या मला."

हवालदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जड हात होता. ओढला असता तर चावीकाका मागे पडला असता, पट्टी सुटली असती, आणि पुन्हा बसवायची ताकद त्याच्या बोटांत उरली नव्हती. तो वाट पाहत राहिला. हात खांद्यावर तसाच राहिला.

"मी तुम्हाला दोनदा सांगितलं," हवालदार म्हणाला. "हे मी लिहिणार."

"लिहा."

चौथी पिन बसली. पाचवी बसली असं वाटलं. त्याने तिच्यावर विश्वास ठेवला नाही, पुन्हा उचलली, आणि तेव्हा ती खरी बसली. शेवटची सगळ्यात मागे होती. काडी तिथवर पोचेना. त्याने श्वास सोडला, मनगट केसभर खाली केलं. कुलूप फिरलं.

दार वीतभर उघडलं आणि अडलं. आतून काहीतरी त्याला टेकलेलं होतं.

चावीकाका उठला आणि त्याने पाठ फिरवली. विचार करून नव्हे, पायच वळले. मागे हवालदाराचं "हळू, हळू", बाईचं "आप्पा, आप्पा", लाकूड फरशीवर घासत गेल्याचा आवाज. तो समोरच्या पिवळ्या भिंतीकडे पाहत उभा होता.

"काका," बाई म्हणाली. "वळा. मला एकटीला उचलत नाही."

तो वळला.

म्हातारा दाराशीच पडला होता, एका कुशीवर, भिंतीला पाठ लावून. डोळे अर्धे उघडे होते. ओठ पांढरे पडून चिरलेले, पण छाती हलत होती. एका हातात वाकलेला चमचा होता. दुसऱ्या हाताजवळ त्याचा चष्मा पडला होता, त्याची एक काडी मोडलेली. हवालदार ॲम्ब्युलन्ससाठी फोन करत होता. चावीकाकाने म्हाताऱ्याच्या काखेत हात घातले आणि बाईबरोबर त्याला उचलून दिवाणावर ठेवलं. तो इतका हलका होता की दोघांचाही तोल गेला.

मग बाई पाण्यात बोट बुडवून त्याच्या ओठांवर फिरवू लागली, आणि चावीकाकाला करायला काही उरलं नाही. त्याने दाराच्या आतल्या बाजूकडे पाहिलं.

कुलपाभोवतीचा नवा रंग खरवडून गेला होता. चमच्याचे ओरखडे होते, आधी जोराचे, मग कमी कमी जोराचे, आणि खाली खाली सरकत गेलेले. चावीच्या भोकात चष्म्याची काडी होती. म्हाताऱ्याने ती दाताने की कशाने पुढे वाकवली होती. वाकवली होती ती बरोबर बाजूला. तिने दोन पिना तरी उचलल्या असतील.

चावीकाकाने आपली सगळ्यात बारीक काडी घेतली आणि ती चष्म्याची काडी अलगद बाहेर काढली. ती त्याने चष्म्याशेजारी ठेवली. मग आपल्या काड्या एकेक करून गुंडाळीत घातल्या, बंद बांधला आणि गुंडाळी हवालदाराच्या हातात दिली. हवालदाराने ती घेतली. घेताना त्याने चावीकाकाकडे पाहिलं नाही.

नवऱ्याने तक्रार केली. ठाण्यावर जबाब झाले. हवालदाराने लिहिलं ते सगळं खरं होतं: दोनदा थांबायला सांगितलं, थांबले नाहीत, आणि आत वयस्कर इसम निपचित अवस्थेत मिळाला. समोरची शेजारीणही जबाब द्यायला आली. कुलूप फोडतायत म्हणून फोन तिनेच केला होता. आधीच्या रात्रीपासून आतून ठोकल्याचा आवाज येत होता, असं ती म्हणाली, आणि मग रडायला लागली, म्हणून तिला पाणी द्यावं लागलं.

परवान्याचं काम पाहणारे अधिकारी सभ्य होते. त्यांनी त्याला खुर्ची दिली. माणूस वाचला ही चांगलीच गोष्ट झाली, असं ते दोनदा म्हणाले, पण ते वेगळं आणि हे वेगळं. घराच्या मालकाने बोलावलेलं नव्हतं, पोलिसांनी मनाई केली होती, आणि आधीची ताकीद होती. गुन्हा नोंदवत नाही, परवाना मात्र राहणार नाही. चाव्या कापा, कुलपं विका, दुरुस्त करा. काड्या बाळगता येणार नाहीत. त्याला काही म्हणायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. त्याला म्हणायचं होतं की ते वेगळं आणि हे वेगळं, असंच मीही आजवर धरून चाललो. पण हे बरोबर मांडता येईल का, याची त्याला खात्री वाटली नाही. तो नाही म्हणाला.

घरी बायकोने जेवताना विचारलं, आणि त्याने सांगितलं. तिने त्याला आणखी एक भाकरी वाढली. मग म्हणाली, "चला, आता भाजी आणायला तरी तुम्हाला पाठवता येईल." ताटं उचलताना तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, ओलाच.

त्याच्या पँटचा उजवा खिसा गुंडाळीने लांबट ताणला गेला होता. धुऊन, इस्त्री करूनही तो सरळ होत नव्हता.

थंडी सरता सरता ती बाई पुन्हा टपरीवर आली. या वेळी धापा टाकत नव्हती. नवरा दुसरीकडे राहायला गेला होता. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तिने आणि सासऱ्यांनी त्या घरात राहावं, असं ठरलं होतं. कुलूप बदलायचं होतं. दुसरं कोणी चांगलं सुचवू शकतो, असं चावीकाका म्हणाला. ती म्हणाली, दुसरं कोणी नको.

तो स्क्रू-ड्रायव्हर, कानस आणि नवं कुलूप घेऊन गेला. त्यांना परवाना लागत नव्हता.

दार बाईने उघडलं, आणि तो उंबऱ्यापाशी घुटमळला. आप्पा समोर खुर्चीत बसले होते. अंगावर स्वेटर, डोळ्यांवर नवा चष्मा. कुंडीतलं झाड खिडकीत होतं. त्याची पानं पुसलेली दिसत होती. चावीकाकाने हे सगळं पाहिलं. मग तो आत आला.

आप्पा फार बोलत नव्हते. तो कुलूप सोडवत असताना त्यांनी एवढंच सांगितलं की त्यांचा जन्म टपाल कचेरीत गेला. "सगळं आयुष्य लोकांची बंद पाकिटं हाताळली. एक उघडलं नाही," ते म्हणाले. "आणि म्हातारपणी उघडायला बसलो ते हे."

"तुमची काडी बरोबर वाकली होती," चावीकाका म्हणाला.

"हो का?"

"हो. ताण धरायला दुसरी पट्टी हवी होती, एवढंच."

आप्पांनी यावर विचार केला, आणि त्यांना ते आवडलं असं दिसलं.

जुनं कुलूप निघालं. पितळी कडी त्याने परत वापरली. ती चांगली बसली होती. आतल्या बाजूला त्याने फिरवायचं बटण बसवलं, मोठं, कडेला खाचा असलेलं, थरथरत्या बोटांना धरता येईल असं. बाजारात जे मिळत होतं ते गुळगुळीत होतं, म्हणून खाचा त्याने टपरीवर बसून कानशीने पाडल्या होत्या. खरवडलेल्या जागेवर रंग लावून देऊ का, असं त्याने विचारलं. आप्पा नको म्हणाले.

"आता तुम्ही फिरवून बघा," तो म्हणाला. "मी बाहेर थांबतो. दार लावून घ्या."

बाई उठू लागली. आप्पांनी तिला हाताने बसवलं.

तो बाहेर आला. दार त्याच्या मागे लागलं, कुलूप बसल्याचा आवाज झाला, आणि त्याचे पाय आपोआप वळले. दाराकडे पाठ करून तो पिवळ्या भिंतीसमोर उभा राहिला. हात खिशाकडे गेला आणि सैल पडलेल्या कापडावर थांबला.

मागे बटणावर बोटं घसरली. पुन्हा धरली गेली. बटण अर्धं फिरलं आणि परत आलं. कुठल्या बाजूला फिरवायचं ते एका शब्दात सांगता आलं असतं. तो गप्प राहिला. आत खुर्ची सरकली, कोणीतरी खोकलं, एक पाऊल दाराजवळ आलं. मग ते बटण सावकाश, पूर्ण फिरलं, आणि त्याच्या पाठीमागे दार आतून उघडलं.